दुर्मिळ पिस्तुलासाठी होल्स्टर शिवून घेताना

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान; तुमच्या मॉडेलचा साचा कारागिराकडे नसणार, हे धरूनच चाला. आधी त्याला विचारा: डमी, म्हणजे पिस्तुलाची हुबेहूब आकाराची नकली प्रतिकृती, मिळते का? निळ्या प्लास्टिकच्या डम्या फक्त खपाच्या मॉडेलच्या निघतात. नसेल तर खरं पिस्तूलच साचा म्हणून वापरावं लागतं. ते मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढून, चेंबर (नळीतली गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, कायद्यात बसेल अशाच पद्धतीने द्या. नुसत्या फोटोवरून काम घेणाऱ्याला नकार द्या. फोटोत लांबी कळते, जाडी कळत नाही, आणि होल्स्टर बिघडतं ते जाडीवरच.

चामडं व्हेजिटेबल टॅन्ड (झाडांच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं), साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर जाड हवं. क्रोम टॅन्ड (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) मऊ असतं, ओलं करून दाबलं तरी आकार धरत नाही. शिवाय त्यातल्या क्षारांनी धातू गंजू शकतो. आकार देण्यासाठी ओल्या चामड्यात घालण्यापूर्वी पिस्तुलाला तेलाचा हलका हात द्या आणि पातळ प्लास्टिक गुंडाळा.

पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) उंच असेल तर तिच्यासाठी आतून खोबण ठेवायला सांगा, नाहीतर उपसताना ती चामडं खरवडत येते. ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचं कडं, पूर्ण झाकला गेलाच पाहिजे. इथे तडजोड नाही. तोंड कडक हवं, मऊ पडलेली कड परत ठेवताना आत वळून ट्रिगरवर दाब देऊ शकते.

नवं होल्स्टर घट्टच लागतं. प्लास्टिक गुंडाळलेलं रिकामं पिस्तूल रात्रभर आत ठेवा, तेवढ्याने सैलावतं. एरवी मात्र पिस्तूल त्यात साठवू नका, चामडं ओल धरतं.