मृत्युपत्र परत कधी बघायचं?

तुम्ही विचारलंय की आठ वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलं, मधे फ्लॅट विकला, नातू झाला, तर आता परत करायला हवं का. हो, आणि लवकर करा, कारण नातवापेक्षा तो विकलेला फ्लॅट जास्त महत्त्वाचा आहे.

समजा त्यात लिहिलंय की फ्लॅट मुलीला आणि बँकेतल्या ठेवी मुलाला. आता फ्लॅट विकून पैसे ठेवीत टाकले. तुमच्या मनात वाटणी अजून निम्मीनिम्मीच आहे, पण कागदावर मुलीच्या नावचा फ्लॅटच उरला नाही, म्हणजे साधारणपणे तिच्या हाती काहीच लागत नाही आणि तिच्या वाट्याचे पैसेपण मुलाकडे जातात. कोणाचीच नियत वाईट नसताना भावंडं एकमेकांशी बोलायची बंद होतात ती अशाने, आणि याचं मला फार वाईट वाटतं कारण हे टाळणं इतकं सोपं असतं. त्यामुळे जमेल तिथे वस्तूऐवजी टक्क्यांत लिहा, आणि उरलेलं सगळं कोणाला हे पण लिहाच.

बाकी तीन-चार वर्षांनी एकदा नजर टाकावीच, पण लग्न, घटस्फोट, मूल, कोणाचा मृत्यू, मोठी खरेदी-विक्री झाली की थांबू नका. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा माणूस, थकला असेल तर दुसरा नेमा. देश बदलला तर तिथल्या वकिलाला दाखवा, उदा. इंग्लंडमधे लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सहसा आपोआप रद्द होतं, भारतात हिंदूंच्या बाबतीत तसं होत नाही.

आणि नॉमिनी! मृत्युपत्र बदललं म्हणून पॉलिसी, पेन्शन, बँकेतलं नाव बदलत नाही, ते फॉर्म वेगळे भरावे लागतात. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या एका कर्मचाऱ्याची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, घटस्फोटात बायकोने हक्क सोडलेला पण कंपनीच्या बचत योजनेच्या फॉर्मवर नाव तिचंच राहिलं, आणि २००९ मधे कोर्टाने सांगितलं की योजनेने पैसे तिला दिले ते बरोबरच, त्या कर्मचाऱ्याच्या मुलीचा दावा गेला.

जुन्या कागदावर पेनाने खाडाखोड मात्र अजिबात करू नका. नवीन करा, त्यात आधीची सगळी रद्द असं स्पष्ट लिहा, साक्षीदार दोन आणि दोघांनाही त्यातून काही मिळणार नाही असे घ्या. मूळ प्रत कुठे ठेवलीये ते एक्झिक्युटरला सांगून ठेवा.