कॉर्न स्नेक या बिनविषारी, पाळीव सापाची पहिलीच जोडी लावतोय. मादी दोन वर्षांची आहे. आधी थंडीत ठेवावंच लागतं का, आणि स्नो (पांढरट) पिल्लं मिळतील का? थोडं साइड इन्कमही होईल.

स्नो मिळणार नाहीत. तुम्ही लिहिलंय की नर अ‍ॅमेल (काळा रंग नसलेला) आणि मादी अ‍ॅनरी (लाल रंग नसलेली). स्नोमध्ये हे दोन्ही रंग नसतात. दोघांपैकी कुणातही दुसऱ्याचा जीन लपलेला नसेल, तर झाडून सगळी पिल्लं साध्या रंगाची, रानातल्यासारखी निघतील. त्यांचीच पुढे जोडी लावलीत तर सरासरी १६ पिल्लांत एक स्नो. म्हणजे आणखी तीन वर्षं थांबा. विकणारा 'हेट आहे', म्हणजे जीन लपलेला आहे, असं म्हणाला असेल तर आई-बाप कोणते होते ते विचारा.

मादीचं वय कमी आहे. तीन वर्षं, तीन फूट, ३०० ग्रॅम हा जुना ठोकताळा आहे आणि तो उगाच पडलेला नाही. लहान मादी अंडी धरेलही, पण अंडं आत अडकलं तर जीव तिचा जातो. थंडीत न ठेवताही जोडी जुळते. मी ठेवते. दोन आठवडे आधी खाणं बंद, मग ५०-५५ फॅरनहाइटला दोनेक महिने, पाणी कायम समोर. यावर लोक तावातावाने भांडतात, मला त्यात रस नाही.

मला भांडायचंय ते तुमच्या शेवटच्या ओळीशी. 'थोडं साइड इन्कमही होईल.' अगदी हेच वाक्य माझ्या दिरांचं.

आम्ही राहतो रॉलीजवळ, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात. हा साप इथला रानातलाच, पहिला अ‍ॅमेलही १९५३ साली याच राज्यात सापडला. माहेरी साताऱ्याला साप निघाला की सर्पमित्राला फोन जायचा. इथे माझ्या फ्रीजरमधल्या श्रीखंडाच्या डब्यात पिंकी, म्हणजे उंदरांची नुकती जन्मलेली गोठवलेली पिल्लं असतात, हे आईला अजून माहीत नाही. तर, जोडी माझी होती आणि हिशोब भाऊजींचा. मादीने कात टाकली, पुढच्या दहाएक दिवसांत ओल्या मॉसच्या डब्यात अंडी घातली. एकमेकांना चिकटलेली. भाऊजी ती सोडवून ओळीत मांडायला निघाले, मी हात धरला. चिकटलेली तशीच ठेवायची, वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण, आणि फिरवायची अजिबात नाहीत. ओल्या वर्मिक्युलाइटवर (ओल धरणारा खनिजाचा भुसा) ८२ फॅरनहाइटला साधारण दोन महिने. हा भाग कुठेही वाचायला मिळेल.

अंड्याला चीर पडते, त्यातून इवलंसं नाक बाहेर येतं, आपण वाकलो की परत आत. असं दिवस-दीड दिवस चालतं. ओढून काढू नका, आतला बलक शोषून घेणं चालू असतं. भाऊजींनी तेवढ्यात फोटो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि एका मुलाच्या बाबांनी त्यातलं एक पिल्लू लगेच बुक केलं.

नेमकं तेच खाईना. पहिली कात टाकल्यावर बाकीच्यांनी पिंकी घेतली. हे मात्र मान वाकडी करून मागे सरायचं आणि शेपटी पेपर टॉवेलवर अशी थरथरवायचं की आवाज खोलीभर ऐकू यायचा. पिंकीचं डोकं चिरून दिलं, नाही. भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात पिंकीसोबत रात्रभर कोंडलं, नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्यांच्या घरी गेलं की खाईल. कात टाकली म्हणजे विकायला तयार." मी नाही म्हटलं. ते पिल्लू त्या पोराच्या हातात मेलं असतं तर समजवायला कोण जाणार होतं, भाऊजी?

रानात ही पिल्लं सुरुवातीला छोटे सरडे, झाडावरचे बेडूक खातात. कित्येकांना उंदीर हे अन्न वाटतच नाही. आमच्या पोर्चवर हिरवे अनोल सरडे पैशाला पासरी. एक धरला, पिंकी धुऊन त्याच्या अंगावर चोळली, सरडा सोडून दिला. सकाळी पिंकी गायब आणि पिल्लाच्या मधोमध फुगवटा. पुढे चोळणं कमी कमी करत साध्या पिंकीवर आणलं. तोवर त्या बाबांनी एका रेप्टाइल शोमधून दुसरा साप घेतला होता. दर दिवाळीला फराळ करताना मला ऐकवलं जातं, "वहिनींनी पहिलंच गिऱ्हाईक घालवलं."

घालवलं तर घालवलं. गोठवलेली पिंकी वितळवून दिल्यावर ती सलग तीन-चार वेळा खाल्ल्याशिवाय पिल्लू घराबाहेर जाता कामा नये. साध्या रंगाच्या पिल्लाला ४०-५० डॉलर आले तर नशीब, आणि तोवर प्रत्येकाला वेगळा डबा, वेगळं पाणी, वेगळं खाणं. अंडी गुणिले किंमत हा हिशोब वहीतच चांगला दिसतो.

काही पिल्लं काही केल्या खात नाहीत, हेही खरं. बरेच ब्रीडर ती किंगस्नेकला, म्हणजे साप खाणाऱ्या सापाला घालतात. न खाणारं पिल्लू गुपचूप विकण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. आमच्या त्या हट्टी पिल्लाची जोडी मी कधी लावली नाही, तुम्हीही अशांची लावू नका. सनकिस्ड या रंगप्रकाराच्या घराण्यातला साप असेल तर स्टारगेझर जीनची (यामुळे सापाचा तोल जातो) टेस्ट करून घ्या. परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेही बघा.

आणि वजनकाटा आणा. यंदा भाऊजींनी स्वतःची मादी घेतलीय, "तीनशेची असेलच" म्हणत होते. काट्यावर २६० भरली. नर माझा आहे, देणार नाही.