व्हिडिओ पोकरचा वाढता जॅकपॉट किती झाला की खेळणं परवडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात बहिणीकडे लास व्हेगासला जाताय, तिथे व्हिडिओ पोकरच्या मशिनवर जॅकपॉटचा आकडा सतत वाढताना दिसतो, तो एका मर्यादेपलीकडे गेला की गणित खेळणाऱ्याच्या बाजूने झुकतं असं कुणीतरी सांगितलंय. हे खरं का, आणि तो आकडा कोणता?

खरं आहे. पण सांगणाऱ्याने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली.

मी फोर्टमध्ये विम्याच्या आकडेमोडीचं काम करतो. जुगाराचं पहिलं गणित मात्र लालबागच्या चाळीत शिकलो. खाली पानवाल्याकडे मटक्याच्या चिठ्ठ्या जायच्या. सिंगलला एकास नऊ. आकडे दहा, मिळणार नऊ, म्हणजे शंभर रुपये लावणाऱ्याला सरासरी नव्वद परत. वडील हे बोटांवर मोजून दाखवायचे आणि तरी अधूनमधून एक रुपया लावायचेच. व्हिडिओ पोकरचं गणित याच जातीचं, फक्त बोटं जास्त लागतात.

ते गणित मांडता तरी येतं, हे विशेष. नेवाडाच्या नियमांप्रमाणे मशिनवर पत्ते दाखवले तर ते 52 पत्त्यांच्या खऱ्या कॅटमधून वाटल्यासारखेच यावे लागतात. स्लॉट मशिनच्या आत काय दडलंय ते बाहेरून कळत नाही, इथे मात्र सगळा हिशेब काचेवरच्या पाटीत, म्हणजे कोणत्या हाताला किती मिळणार त्या तक्त्यात असतो. म्हणून मीटरकडे, म्हणजे त्या वाढत्या आकड्याकडे नंतर बघा, आधी पाटी वाचा.

जॅक्स ऑर बेटर हा सगळ्यात साधा खेळ घेऊ. पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदाच बदलायचे, गुलामाच्या किंवा वरच्या जोडीपासून पैसे मिळतात. पाटीवर फुल हाउसपुढे (तीन सारखे आणि एक जोडी) 9 आणि फ्लशपुढे (पाचही एकाच चिन्हाचे) 6 असेल, म्हणजे लावलेल्या एका कॉइनला तेवढे कॉइन, तर ती ‘नऊ-सहा’ची मशीन. बिनचूक खेळलात तर 99.54 टक्के परत. 8 आणि 5 असेल तर 97.30. बाकी पाटी अगदी सारखी. दोन ओळींत एकेक कॉइन कमी केल्याने सव्वादोन टक्के जातात, कारण फुल हाउस आणि फ्लश हे दोन्ही साधारण नव्वद डावांत एकदा येतात.

रॉयल फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे दहापासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते, येतो नऊ-सहाच्या मशिनवर सुमारे 40,000 डावांत एकदा. त्याला पाच कॉइन लावल्यावर 4,000 मिळतात, म्हणजे एका कॉइनला 800. त्याहून कमी कॉइन लावले तर एकाला फक्त 250, आणि मीटरशी तुमचा संबंधच उरत नाही. पाव डॉलरच्या मशिनवर, म्हणजे जिथे एक कॉइन पाव डॉलरचा, म्हणूनच दर डावाला सव्वा डॉलर लावावा लागतो. हे अनेकांना खेळून झाल्यावर कळतं.

वाढता जॅकपॉट म्हणजे या रॉयलच्या 4,000 मध्ये पडत जाणारी भर. त्या रांगेतल्या मशिनींवर लागणाऱ्या पैशांतला छोटा हिस्सा, समजा एक टक्का, मीटरमध्ये जातो. भिशीसारखंच आहे, सगळ्यांचे हप्ते एका डब्यात. फरक इतकाच की भिशीत कधीतरी तुमचा नंबर लागतोच.

आता तुम्ही विचारलेला आकडा. नऊ-सहाच्या मशिनवर बरोबरी, म्हणजे शंभर टक्के परत, साधते 4,880 कॉइनच्या आसपास, म्हणजे पाव डॉलरवर 1,220 डॉलर. आठ-पाचच्या मशिनवर साधारण 8,700 कॉइन, म्हणजे 2,175 डॉलर. याचा अर्थ पाटीवरचा एक कॉइन कमी झाला तर मीटरला त्याची भरपाई करायला पाचशे डॉलरच्या आसपास वर चढावं लागतं. वाढत्या मीटरवाल्या मशिनींना बरेचदा आठ-पाचची किंवा त्याहून कंजूस पाटी लावलेली असते, ती उगाच नाही.

मीटर तिथवर पोचतो का? 1,000 डॉलरपासून एक टक्क्याने 2,175 ला जायला 94,000 डाव लागतात, आणि तेवढ्या डावांत कुणालाच रॉयल लागता कामा नये. त्याची शक्यता दहात एकाहूनही कमी. आणि पोचला तर ती खबर तुमच्याआधी गावातल्या पट्टीच्या खेळाडूंना लागलेली असते. हे लोक टोळीने येतात, सगळ्या खुर्च्या अडवतात आणि पाळीपाळीने रात्रंदिवस खेळतात. तुम्हाला खुर्ची रिकामी दिसली तर आधी शंका घ्या.

आता राहिलेली अर्धी गोष्ट. आठ-पाचच्या मशिनवर बरोबरीच्या वेळी परत मिळणाऱ्या शंभर टक्क्यांपैकी पाच टक्क्यांहून थोडे जास्त त्या एकाच हातात अडकलेले असतात. तो हात लागेपर्यंत तुम्ही शंभर टक्क्यांच्या मशिनवर बसलेलेच नसता, पंचाण्णवच्या जरा खालच्या मशिनवर बसलेले असता. ताशी 500 डाव खेळलात तर तासाला तेहतीसेक डॉलर गळत राहतात. तीन संध्याकाळी मिळून नऊ तास, 4,500 डाव. जॅकपॉटच्या मागे लागून खेळताना रॉयल 33,000 डावांच्या आसपास एकदा येतो असं धरलं, तर त्या तीन संध्याकाळींत तो लागण्याची शक्यता जेमतेम 13 टक्के. आणि मनात ‘33,000 डाव खेळलो की लागणारच’ असं असेल तर तेही नाही. नेमके तेवढे डाव खेळूनही शंभरातले सदतीस जण रिकाम्या हाताने उठतात.

जॅकपॉट वाढला की खेळायची पद्धतही बदलावी लागते, हे मला कागदावर ठाऊक होतं पण हाताला पटत नव्हतं. 2019 साली भाच्याकडे गेलो होतो. आठ-पाचची मशीन, मीटर 1,900 डॉलर. बरोबरीच्या खालीच, पण म्हटलं तिकिटाचे पैसे खर्च करून आलोच आहोत. दुसऱ्या संध्याकाळी हातात आलं: बदाम राजा, बदाम राणी, बदाम गुलाम, इस्पिक राजा, चौकट सत्ती. राजांची जोडी आयती मिळालेली, लावलेले पैसे परत नक्की. घरी तीनपत्ती खेळणारा कुणीही ही जोडी सोडणार नाही.

हिशेब असा. जोडी ठेवली तर एका कॉइनमागे सरासरी 1.53 येतात, मीटर काहीही असो. जोडी फोडून बदामाचे तीन ठेवले तर दोन पत्ते यायचे 1,081 प्रकार आहेत. त्यातल्या एकात बदामाचा एक्का आणि दश्शी येते, तो रॉयल. बाकीच्या प्रकारांत स्ट्रेट (पाच पत्ते क्रमाने), फ्लश, जोड्या वगैरे धरून एकूण 766 मिळतात. म्हणजे रॉयलचा एका कॉइनमागचा भाव अधिक 766, भागिले 1,081. भाव 800 असताना उत्तर येतं 1.45, जोडी बरी. भाव 884 च्या वर गेला, म्हणजे मीटर 4,420 कॉइनच्या पुढे, की जोडी फोडायची. माझ्यासमोर भाव होता 1,520. उत्तर 2.11. तरी बोट बटणावर ठेवून मी किती वेळ बसलो असेन! शेजारच्या खुर्चीवरच्या आजीबाई वळून बघायला लागल्या.

शेवटी फोडली. आधी बदाम एक्का आला. छातीत धस्स झालं. मग बदाम दुर्री. फ्लश, पंचवीस कॉइन, सव्वासहा डॉलर. भाचा म्हणाला, “मामा, जवळ आला होतात.” जवळबिवळ काही नसतं, एक्क्याशेजारी दुर्री येणं आणि किलवर चौका येणं रॉयलच्या दृष्टीने सारखंच. पण त्या क्षणी मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीन संध्याकाळींचा हिशेब: साधारण आठ तास, 190 डॉलर उणे. तेव्हाच्या भावाने तेरा हजारांच्या वर.

तुमच्यासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती इंग्रजीतल्या तक्त्यांत सहसा दिसत नाही, कारण ते तक्ते अमेरिकन माणसासाठी केलेले असतात. भारतीय पाहुण्याला मशिनवर मोठा जॅकपॉट लागला की त्यातून 30 टक्के कर जागच्या जागी कापला जातो. काही देशांच्या नागरिकांना करारामुळे सूट आहे, भारत त्यांत नाही. आणि आधी हरलेले पैसे त्यातून वजा करून मागता येत नाहीत. म्हणजे मीटरवर 2,175 दिसत असले तरी तुमच्यासाठी ते 1,520 च आहेत. आठ-पाचच्या मशिनवर तुमची बरोबरी 3,100 डॉलरच्या पुढे सुरू होते. तिथवर मीटर चढेपर्यंत ती टोळी काय झोपलेली असणार का?

आता ज्या मशिनींवर रॉयलशिवाय इतर हातांनाही वेगवेगळे वाढते बोनस असतात, त्यांच्याबद्दल. मला त्या जास्त आवडतात. प्रत्येक मीटरसाठी एकच भागाकार करायचा: नेहमीपेक्षा जास्त किती मिळतंय, भागिले तो हात किती डावांत एकदा येतो. उदाहरणार्थ बोनस पोकर. त्यात आठ-पाचच्या पाटीवर 99.17 टक्के परत मिळतात आणि चार एक्क्यांना एका कॉइनमागे 80. चार एक्के 5,000 डावांच्या आसपास एकदा येतात. पाच कॉइनला 400 च्या ऐवजी तिथे 600 दिसत असतील तर एका कॉइनमागे 40 जास्त, भागिले 5,000, म्हणजे 0.8 टक्के. मशीन जवळजवळ बरोबरीला आली. रक्कम दीडशे डॉलर, म्हणजे कापाकापी होण्याइतकी मोठी नाही, आणि नऊ तासांत हा हात दिसण्याची आशा रॉयलच्या कितीतरी पट.

याउलट ‘क्रमाने रॉयल’ नावाचा एक बोनस असतो. दहापासून एक्क्यापर्यंत पत्ते ओळीने, डावीकडून किंवा उजवीकडून. आकडा डोळे दिपवणारा असतो. पण साठ रॉयलांत एखादा असा येतो, म्हणजे चोवीस लाख डावांत एकदा. त्यावर 50,000 कॉइन जादा ठेवले तरी तुमच्या टक्क्यांत भर पडते 0.4 ची. चार एक्क्यांचे दोनशे कॉइन त्याच्या दुप्पट किमतीचे.

मुंबईत सराव कुठे करायचा असाही प्रश्न येईल म्हणून सांगतो. महाराष्ट्रात 1976 साली कॅसिनोचा कायदा झाला, तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. फोनवर पैसे लावून खेळणं 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंद आहे. फुकटातले, चूक केली की टोकणारे सरावाचे प्रोग्रॅम मिळतात, त्यावर हात बसवा. वर दिलेले सगळे टक्के बिनचूक खेळणाऱ्याचे आहेत. मी डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात महिनाभर केला, तरी तिथल्या दिव्यांत आणि आवाजात चुकलोच.

तिथे गेल्यावर मशिनवर बसण्याआधी मला एवढंच लिहा: खेळाचं नाव, फुल हाउस आणि फ्लशपुढचे दोन आकडे, आणि जितके मीटर असतील तितके. तुमची रात्र ती माझी सकाळ, गाडीत बसायला मिळालं तर कुर्ल्याच्या आत उत्तर देतो.