जन्मापूर्वी युद्धात गेलेल्या, कधीही न पाहिलेल्या नातेवाइकाची आठवण कशी ठेवावी?

ज्या माणसाला आपण पाहिलेच नाही, त्याची आठवण काढणे हा देखावा तर ठरत नाही ना, असे आपण विचारले आहे. माझ्याही मनात ही शंका बरीच वर्षे होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत शिपाई होते. खेड तालुक्यातल्या आमच्या गावातून ते भरती झाले, बेळगावच्या केंद्रात तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, इटलीत सांग्रो नदीच्या लढाईत मारले गेले. त्या महिन्यात पावसाने नदी वारंवार फुगत होती, सैन्याने उभारलेले तात्पुरते पूल वाहून जात होते आणि पलीकडच्या उंच कडेवर जर्मन फौज मोर्चे बांधून बसली होती, हे सारे मी फार उशिरा वाचले. घरी आली होती ती केवळ एक तार. त्यांची पत्नी, म्हणजे आमची थोरली आजी, तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

देह आला नाही, त्यामुळे दहन घरच्यांनी पाहिले नाही. भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे घातचतुर्दशीला, शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध करतात. आमच्या घरी त्यांचे पान त्या दिवशी वाढले जाई आणि त्यात थोरली आजी नाचणीची भाकरी ठेवीत असे. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या एका पत्रात त्यांनी ‘इकडे नाचणी मिळत नाही’ असे कळवले होते, एवढेच त्याचे कारण. मला आठवतो तो भाकरी ठेवणारा तिचा हात. थोरले आजोबा मला आठवत नाहीत, आणि ते आठवतात असा आव मी आणू नये, हे समजायला मला वेळ लागला. शाळेत असताना मी त्यांच्यावर निबंध लिहिला होता आणि ते हसत हसत मृत्यूला सामोरे गेले, असे त्यात म्हटले होते. थोरल्या आजीने तो वाचून घेतला आणि म्हणाली, “हसत कशाला मरतील ते? त्यांना घरी यायचं होतं.” त्यानंतर तसले वाक्य मी कधी लिहिले नाही.

आमच्या भागात युद्धातल्या शौर्याचे नाव निघाले की लोक नाईक यशवंत घाडगे यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. माणगाव तालुक्यातले घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि त्यांचीही समाधी कुठे नाही, इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर केवळ नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबईला जाताना एसटी माणगावला थांबली की आजोबा खिडकीतूनच त्या दिशेने हात जोडत, आणि ते घाडग्यांसाठी की आपल्या भावासाठी, हे मी त्यांना विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आज फार वाटते.

महायुद्धांत मारल्या गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि साल घालून शोध घेता येतो. शोधताना इंग्रजीत नावाची निरनिराळी रूपे करून पाहावी लागतात, कधी वडिलांचे नाव आडनावाच्या जागी सापडते. धीर सोडू नये. थोरल्या आजोबांचे नाव मला सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीत सापडले. तिथे ज्या भारतीय सैनिकांचे दहन झाले, त्यांच्यासाठी वेगळे स्मारक आहे आणि त्यावर पाचशेहून अधिक नावे आहेत. नोंदीत त्यांच्या वडिलांचे नाव होते, गाव होते, आणि अमकीचे पती म्हणून थोरल्या आजीचेही नाव होते, तेही लग्नात ठेवलेले. घरात तिला कोणी वहिनी म्हणे, कोणी काकी, आम्ही थोरली आजी. ते नाव पेन्शनीच्या कागदाखेरीज मी कुठे पाहिले नव्हते. ती १९९८ साली गेली, नोंद मला त्यानंतर सापडली. तिला ती वाचून दाखवता आली नाही, याचे दुःख मला त्यांच्या मृत्यूच्या दुःखापेक्षा अधिक जवळचे आहे, आणि ते खरे आहे.

म्हणून आपल्याला माझे एवढेच सांगणे आहे की, आपल्या घरात त्यांना पाहिलेले कोणी हयात असेल, तर लढाईचा इतिहास मागाहून वाचावा, आधी त्या माणसाजवळ जाऊन बसावे. ते काय खात, कोणावर रागावत, कोणती शिवी देत, त्यांच्या हातावर कसला व्रण होता, हे विचारावे. सांग्रोची लढाई ग्रंथालयात सापडते. नाचणीची भाकरी मला थोरल्या आजीमुळेच कळली. घातचतुर्दशीला ती आता माझी आई भाजते.