ग्रुपमधल्या नवीन मुलीला स्टार ट्रेक खरंच किती माहितीये हे तपासायला कोणते अवघड प्रश्न विचारू?

तू लिहिलंयस की ग्रुपमधे नवीन आलेली मुलगी स्वतःला ट्रेकी, म्हणजे स्टार ट्रेकची कट्टर फॅन, म्हणवते, तुम्हा चौघांना डाउट आहे आणि शनिवारी तिची "गंमत म्हणून" परीक्षा घ्यायचीये, तर पाच भारी प्रश्न सुचवा. सुचवते, थांब जरा. आधी मला सांग, तुम्हा चौघांची परीक्षा कोणी घेतली होती?

राग येण्याचं कारण आहे. दहा-बारा वर्षं झाली असतील, पुण्यात नवऱ्याच्या एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही नऊ-दहा जण जमलो होतो, मिसळ-बिसळ झाल्यावर एकाने लॅपटॉप उघडून ओरिजिनल सिरीजची, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या पहिल्या अंतराळयानाच्या मालिकेची, क्विझ काढली. बक्षीस एक काळा मग. त्यात गरम चहा ओतला की यानाचा कॅप्टन कर्क आणि मंडळी एका बाजूने गायब होतात आणि दुसऱ्या बाजूला ग्रहावर उगवतात. मला तो मग बघताक्षणी हवा होता, खोटं कशाला बोलू. मी पुढे सरकून बसले तर क्विझमास्तर हसून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला नवीन पिक्चरमधला स्पॉक आवडत असेल ना?" स्पॉक म्हणजे यानावरचा टोकदार कानांचा परग्रही अधिकारी. बाकी कोणाला नाही विचारलं हे. फक्त मला.

आता हे त्याला कुठून माहीत असणार की मी डोंबिवलीच्या चाळीत रविवारी सकाळी, न्हाऊन ओल्या केसांनी, शेजारच्या काकूंकडे दूरदर्शनवर स्टार ट्रेक बघत मोठी झालीये. काकू मेथी निवडत बसायच्या, आम्ही सात-आठ पोरं खाली फरशीवर, आणि चित्र हललं की कोणीतरी एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा. इंग्रजी कोणाला कळत होतं! माझा चुलतभाऊ नववीत होता म्हणून तो सगळ्यांना अर्थ सांगायचा. त्याने आम्हाला सांगितलेलं की वल्कन, म्हणजे स्पॉकची जमात, हे वल्कलं नेसणारे, ऋषीमुनींसारखे, म्हणून स्पॉकला राग येत नाही. मी हे कितीतरी वर्षं खरं धरून चालले होते. आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे लाल शर्टवाला मरतो हा जो सगळ्या फॅन लोकांचा लाडका जोक आहे तो आम्हाला माहीतच नव्हता, आमच्याकडे सोनेरी, निळे, लाल सगळेच शर्ट राखाडी. तरी कोण मरणार ते आम्ही बरोब्बर ओळखायचो. ज्याचं नाव कोणी घेत नाही आणि जो कर्कच्या मागून ग्रहावर उतरतो, तो गेला. स्पॉकचं रक्त हिरवं असतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. म्हणजे तुझ्या क्विझमधे मी पहिल्याच राउंडला बाद, बरोबर ना?

तर त्या रात्री शेवटी मी आणि दुसरा एक जण सारख्या मार्कांवर आलो. टायब्रेकर: "कर्कच्या नावातलं मधलं अक्षर पडद्यावर पहिल्यांदा दिसतं तेव्हा काय असतं?" मी लिहिलं आर. समोरच्याने लिहिलं टी. क्विझमास्तर म्हणाला टी, टायबेरियस, अख्ख्या जगाला माहितीये, आणि मग त्याच्या हातात.

अरे, पण दुसरा पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायला बनवलेला नमुना एपिसोड, बघ ना! टीव्हीवर १९६६ ला आलेला. कर्कचा जुना मित्र गॅरी मिचेल, त्याचे डोळे चंदेरी होतात, त्याच्यात देवासारख्या शक्ती येतात आणि तो नुसत्या मनाने कर्कसाठी कबर खोदून वर दगड उभा करतो. त्या दगडावर स्वच्छ लिहिलंय, जेम्स आर. कर्क. टी नंतर आला, आणि टायबेरियस तर त्याहून नंतर, कार्टून सिरीजमधे, १९७४ ला. मी हे सगळं तिथे सांगितलं तर हशा. कोणीतरी मोबाइल काढला तर म्हणे नेट बघायचं नाही, नियम आहे. घरी येऊन रात्री साडेबाराला मी तो एपिसोड लावला, दगडावर पॉज केला, टीव्हीचा फोटो काढून त्याला पाठवला. उत्तर काय आलं? अंगठा.

नवरा तेव्हापासून म्हणतोय, "एका मगासाठी केवढं!" शिवाय त्याचा मुद्दा असा की आर ही बनवणाऱ्यांचीच चूक होती आणि चुकीला उत्तर म्हणत नाहीत. अहो, प्रश्न "खरं नाव काय" असा नव्हता, "पहिल्यांदा काय दिसतं" असा होता. प्रश्न वाचायचा आणि मग मार्क द्यायचे, एवढं तर चौथीच्या स्कॉलरशिपच्या बाईंना पण कळायचं.

बरं, तुझे प्रश्न. "बीम मी अप, स्कॉटी", म्हणजे मला वर यानात खेचून घे, हे कुठल्या एपिसोडमधे आहे ते विचार, उत्तर कुठल्याच नाही, ओरिजिनल सिरीजमधे अगदी या शब्दांत ते कोणी म्हणतच नाही. पण हा आता इतका घासलेला प्रश्न आहे की तो येणं म्हणजे नेटवर दोन मिनिटं घालवली एवढंच सिद्ध होतं. एकूण एपिसोड किती हे तर विचारूच नको, तीन सीझनचे ७९ की तेव्हा न दाखवलेला पहिला पायलट धरून ८०, यावरून तुम्हा चौघांचंच भांडण होईल. मला विचारशील तर यानावरच्या डॉक्टर मकॉयच्या पेटीतली अवजारं विचार. पहिल्या दाखवलेल्या एपिसोडमधे मीठ खाणारा प्राणी आहे, त्यासाठी फॅन्सी मीठदाण्या आणल्या, त्या इतक्या फॅन्सी निघाल्या की मीठदाण्या आहेत हे कोणाला कळलं नसतं, म्हणून त्या डॉक्टरच्या ऑपरेशनच्या सामानात गेल्या. हे ज्याला माहितीये तो सांगताना खूश होतो, आणि ज्याला नाही तो ऐकून खूश होतो. असे प्रश्न विचारायचे असतात.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मी पण काही साधी नाही. भाचीने तीन-चार वर्षांपूर्वी "मावशी, मला पण स्टार ट्रेक आवडतं" म्हटल्यावर मी तिला पहिलं काय विचारलं असेल? "ट्रिबल म्हणजे काय सांग बघू." तिने सांगितलं, लोकरीच्या गोंड्यासारखे, खायला घातलं की पिल्लं घालत सुटणारे. मग तिने मला विचारलं, तू सगळे एपिसोड बघितलेयस का? तिने एका मे महिन्याच्या सुट्टीत फोनवर सगळेच्या सगळे ओळीने संपवले होते. माझे कितीतरी राहिलेत, रविवारी लाइट जायची. गप्प बसले मी.

तेव्हा घ्या क्विझ, मी कोण अडवणारी. फक्त तिला पण तुम्हाला तेवढेच प्रश्न विचारू द्या. आणि कर्कचं मधलं अक्षर विचारलंत आणि ती आर म्हणाली तर मुकाट्याने मार्क द्या. दगडाचा फोटो आहे अजून माझ्याकडे, हवा असेल तर पाठवते.