व्हॅटिकनने लंडनमधली इमारत विकताना एवढा तोटा कसा झाला?

विकताना नाही हो, घेतानाच झाला. 60 स्लोन ॲव्हेन्यू ही चेल्सीतली इमारत, एकेकाळचं हॅरॉड्सचं गोदाम. 2014 मध्ये व्हॅटिकनच्या सचिवालयाने एका फंडामार्फत तिच्यात पैसे घातले. त्या पैशात भाविकांच्या देणग्याही होत्या. फंड बुडीत चालला, म्हणून 2018 मध्ये त्यातून बाहेर पडून अख्खी इमारतच ताब्यात घ्यायचं ठरलं.

खरी गंमत इथे आहे. मध्यस्थाने जी कंपनी पुढे केली तिचे 31,000 शेअर. त्यातले 30,000 व्हॅटिकनला आणि 1,000 त्याने स्वतःकडे ठेवले. पण मताचा अधिकार फक्त त्या हजारांनाच! म्हणजे घर यांचं, किल्ली त्याच्याकडे. व्हॅटिकनच्या वतीने सही करणाऱ्या मोनसिन्योरने (वरिष्ठ धर्मगुरूने) कागद नीट वाचले असते तर? ती किल्ली सोडवायला वर दीड कोटी युरो मोजावे लागले.

एकूण सुमारे 35 कोटी युरो घातले आणि 2022 मध्ये इमारत 18.6 कोटी पौंडांना गेली. डिसेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने, 2014 मध्ये सचिवालयात वरच्या पदावर असलेल्या कार्डिनल बेच्यू यांना अपहाराबद्दल साडेपाच वर्षांची शिक्षा दिली. त्यांनी आरोप नाकारून अपील केलं.

माझ्या मते चोरीपेक्षा ढिसाळपणा मोठा होता. आपल्याकडे ट्रस्टची जमीन विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तिथे गुंतवणूक करणारं आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं खातं एकच. त्यामुळेच 2020 च्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी सचिवालयाच्या हातून पैसा आणि मालमत्ता काढून घेतल्या.