लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर गोळ्या बंद करता येतात का? कुणाच्या बंद होतील हे आधी कळतं का?

तुम्ही विचारलंय, बाबांच्या ट्रान्सप्लांटला नऊ वर्षं झाली, एसजीपीटी-बिलिरुबिन या लिव्हरच्या रक्ततपासण्या सगळ्या नॉर्मल, मग टॅक्रोलिमस (शरीराने परकं लिव्हर नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) सोडून बघायला काय हरकत? मी डॉक्टर नाही. मुंबईत लिव्हर बदलून आलेला गोव्यातल्या फोंड्याचा माणूस आहे. हाच प्रश्न विचारून मी माझ्या डॉक्टरांचं भरपूर डोकं खाल्लंय.

काहींच्या गोळ्या खरंच सुटतात. पण कुणाच्या सुटतील हे छातीठोकपणे सांगणारी टेस्ट अजून नाही.

परकं लिव्हर शरीर किडनीपेक्षा बरंच सहज खपवून घेतं. युरोपात ९८ जणांच्या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू बंद केल्या होत्या. २०१३ साली निकाल आला. ४१ जणांचं गोळ्यांवाचून निभावलं, बाकीच्यांना रिजेक्शन आलं, म्हणजे शरीर नव्या लिव्हरवर उलटलं. सगळ्यात मोठा फरक पडला तो ऑपरेशनला किती वर्षं झाली याचा. सहा वर्षांच्या आतल्यांपैकी आठात जेमतेम एकाला जमलं, साडेदहा वर्षांच्या पुढे पाचातल्या चौघांना. वय जास्त असलेल्यांना आणि पुरुषांना जरा बरं जमलं. बाबांची नऊ वर्षं म्हणजे मधला गट, तिथे निम्म्यांनाही जमलं नाही.

मग टेस्ट का नाही? प्रयत्न झाले. लिव्हरच्या तुकड्यातल्या, लोहाशी संबंधित काही जीन्सवरून ओळखता येईल अशी मोठी आशा होती. त्यावर बेतलेली ट्रायल घेतली, पण टेस्ट अचूक ठरेना, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. आणि नॉर्मल एसजीपीटीवर तर अजिबात विसंबू नका. रक्ताचे रिपोर्ट चोख असताना बायोप्सीत (लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासतात त्यात) आत सूज दिसते, असं पुष्कळदा होतं. म्हणून ट्रायलमध्ये आधी बायोप्सी, मग कित्येक महिने थोडा थोडा डोस कमी, सोबत सतत रक्ततपासणी. रिजेक्शनची चाहूल लागली की औषध परत सुरू. ऑटोइम्यून आजारामुळे (शरीर स्वतःच्याच अवयवावर हल्ला करतं त्यामुळे) लिव्हर गेलेल्यांना सहसा घेतच नाहीत. घरी गोळी बंद केली तर यातलं काहीच नसतं. लक्षात येईपर्यंत डोळे पिवळे झालेले असतात.

रक्तातल्या औषधाच्या लेव्हलचं गणित किती नाजूक असतं ते रक्त द्यायला गेल्यावर कळतं. सकाळची गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये बसायचं, रक्त दिल्यावरच ती घ्यायची, नाहीतर आकडा भलताच येतो. चवथीला माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधलेलं पपनस उतरवून घरभर वाटतात, तेही मला वर्ज्य, कारण त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते. (माझ्या मावशीला हे अजून पटलेलं नाही.)

तुमची खरी काळजी साइड इफेक्टची असेल, म्हणजे किडनी, शुगर, बीपी, तर डॉक्टरांना 'बंद करू का' असं विचारू नका, 'डोस आणखी किती खाली नेता येईल' असं विचारा. इतक्या वर्षांनंतर बरेच जण एकाच औषधाच्या अगदी कमी डोसवर असतात. जाताना क्रिएटिनिनचे (किडनीच्या रक्ततपासणीचे) जुने रिपोर्ट ओळीने लावून न्या आणि लिव्हर मुळात कशामुळे खराब झालं होतं त्याचा कागदही. शेवटची बायोप्सी कधी झाली, डोनरच्या लिव्हरविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी कधी तपासल्या का, हे त्यांना विचाराच.